उणे सदतीसचं कूलंट

माझ्या आयुष्यात माझी एकच थाप सहा वर्षं टिकली, आणि ती गाडीबद्दलची होती. बाकीच्या सगळ्या हेमाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, चोवीस तासांच्या आत पकडल्या.

आमची मुलगी तनया कॅनडात विनिपेग नावाच्या गावी असते. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. आईची शुगर, माझा गुडघा, खालच्या मजल्यावरची भांडणं असं सगळं झालं की शेवटी ती विचारते, "बाबा, गाडी कशी आहे?" आणि मी ठोकून देतो, "फर्स्टक्लास! आत्ताच चालू करून वर आलो." वस्तुस्थिती अशी होती की आमची पांढरी मारुती पार्किंग क्रमांक सातमध्ये कव्हराखाली चौदा महिने हललेली नव्हती. त्याआधीही वर्षातून दोनदा, दसऱ्याला हार घालायला आणि पीयूसी काढायला, एवढीच तिला हवा लागायची.

खोटं बोलायची मला हौस आहे असं समजू नका. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस मी. माझ्या टिपणीतलं एक वाक्य कधी कुणी खोडलं नाही. पण ही गोष्ट वेगळी होती. गाडी घेतली सत्त्याण्णव साली. आमच्या सोसायटीतली ती दुसरी गाडी. पहिली सेक्रेटरी श्रीनिवासरावांची, आणि हे ते अजूनही बोलण्याच्या ओघात सांगतात. शोरूममधून निघालो ते थेट खडकवासल्याला, कारण धरण माझ्या खात्याचं! पुढे मी आणि वडील, मागे आई, हेमा, मेहुणी आणि पाच वर्षांची तनया. चौपाटीवर भाजलेली कणसं खाल्ली आणि येताना धायरीच्या चढावर सगळ्यांना खाली उतरवून गाडी रिकामी वर नेली. केवढं कौतुक झालं होतं गाडीचं! उतरलेल्यांचं कुणी काही विचारलं नाही.

मग दर रविवारी मी आणि तनया गाडी धुवायचो. मी बॉनेट उघडून धरायचो, आणि ती स्टुलावर चढून रेडिएटरमध्ये तांब्याने पाणी ओतायची. नळाचं, खडकवासल्याचं. पाणी काठोकाठ आलं की "प्याली!" म्हणून टाळ्या पिटायची. अठराची झाल्यावर ह्याच गाडीवर ती शिकली. पेरूच्या एका हातगाडीला धडकली, आणि त्या बाबतीत सगळी चूक हातगाडीची होती असं मी आजही म्हणेन. सहा वर्षांपूर्वी ती कॅनडाला निघाली तेव्हा लोहगावच्या विमानतळापर्यंत गाडी तिनेच चालवली. किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "विकू नकोस हं, बाबा."

परत येताना मी स्टिअरिंगवर बसलो, तर सीट तिच्या उंचीप्रमाणे पुढे ओढलेली. ती मागे सरकवायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. पण माझ्याच्याने ते होईना. गुडघे आपटत घरी आलो, आणि मग गाडी काढायचीच टाळू लागलो. गुडघा दुखतो, हे मी जगाला दिलेलं कारण. खरं कारण ती सीट होती.

तर नोव्हेंबरमध्ये एका रविवारी फोन आला. "बाबा, मी येतेय! वीस डिसेंबर. दिल्लीहून पुण्याला सकाळी अकराला उतरेन. आणि ऐक, कॅब नको. आपल्याच गाडीने घ्यायला या. मी सहा वर्षं तेच डोळ्यांपुढे आणतेय."

"येऊ की," मी म्हणालो.

"थंडीच्या आधी कूलंट बदललंस ना? रेडिएटर गोठू नये म्हणून इथे सगळ्यांची हीच धावपळ चाललीय. निम्मं कूलंट, निम्मं पाणी. विसरू नकोस."

"इथे आम्ही कपाटातून स्वेटर काढला की ती थंडी," मी हसत म्हणालो. फोन ठेवला आणि हेमाकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती.

"अहो, आता सांगून टाका तिला. गाडी बंद आहे म्हणावं. पोरगी काही खाणार नाही तुम्हाला."

"सांगणार नाही. गाडी चालू करणार."

"करा," हेमा म्हणाली. ह्या एका शब्दात ती किती गोष्टी बोलते हे चाळीस वर्षं ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

कव्हर काढायला गेलो तर आमच्या इमारतीत जे काही फुकट मिळतं ते मिळालं, म्हणजे सल्ला. पहिले आले दत्तोबा. हे हडपसरचे. जमिनीवर आयटी पार्क उभं राहिलं आणि हे आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. शेत गेलं, पण पहाटे उठून गच्चीवर जाऊन आभाळ बघायची सवय गेली नाही. "सायेब, ब्याटरी मेली आसंल. आन् रेडेटर बघा आदी. थंडीत आमच्या ट्रॅक्टरचं पानी मी रोज सांजच्याला काढून ठेवायचो."

"दत्तोबा, ही मोटार आहे. ट्रॅक्टर नव्हे."

"इंजान तर हाय की," ते म्हणाले.

दुसरे आले श्रीनिवासराव. विमा कंपनीतून निवृत्त झाले, पण क्लेम नाकारायची सवय राहिली. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "आपण ही चालू करणार? बरं. मला वाटलं भंगारवाला येणार आहे म्हणून कव्हर काढलंत." आणि निघून गेले. पुण्यात माणसाचा एवढाच अपमान करतात, पण तो दिवसभर पुरतो.

साईनाथ मेकॅनिकला बोलावलं. तो गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवतो. चांगला मुलगा आहे, फक्त सगळ्या गाड्यांशी "अरे बाळा" म्हणून बोलतो आणि सगळ्या मालकांशी "काका, हे असं कसं केलंत?" म्हणून. बॅटरी नवी बसवली. मग त्याने खाली वाकून रेडिएटरच्या तळाची, पाणी सोडायची चावी उघडली, आणि जे बाहेर आलं ते बघायला मी आणि दत्तोबाही वाकलो. दाट, तांबूस, हळूहळू घसरणारं.

"काका, हे पिठलं आहे," साईनाथ म्हणाला. "काय ओतायचात ह्यात?"

"नळाचं पाणी. खडकवासल्याचं," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"त्यानेच झालं. आतून सगळं गंजलंय."

माझ्या काळजाला घरं पडली. बत्तीस वर्षं मी ज्या पाण्याच्या नोंदी ठेवल्या, ज्या पाण्याविषयी मी मुंबईच्या पाहुण्यांना प्यायच्या आधी दोन मिनिटं माहिती देतो, ते पाणी माझ्याच गाडीत पिठलं होऊन बाहेर आलं होतं! आणि हे सगळं श्रीनिवासराव बाल्कनीतून बघत होते. "गाळ काढायला आपल्या खात्याकडे अर्ज करा," ते वरून म्हणाले.

त्या क्षणी मी ठरवलं, ह्यापुढे ह्या गाडीत पाण्याचा एक थेंब जाणार नाही. दुखावलेला माणूस असा एकदम दुसऱ्या टोकाला जातो. मी गेलो.

साईनाथने आतून तीनदा धुऊन काढलं, दोन फाटके पाइप बदलले आणि म्हणाला, "उद्या गावी चाललोय, चुलत्याच्या लग्नाला." कुणाच्या चुलत्याचं लग्न ह्या वयात असतं हे मी विचारलं नाही. "कूलंट आणून ठेवा, आल्यावर भरतो. तुम्ही हात लावू नका. आणि काका, घट्टवालं आणलंत तर निम्मं पाणी."

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरमागे एक गृहस्थ पेपर वाचत होते. "थंडीचं कूलंट द्या," मी म्हणालो.

"कुठली थंडी?" पेपर खाली आला नाही.

"म्हणजे जास्तीत जास्त थंडीला चालेल असं."

"उणे सदतीस आहे."

"ते द्या."

आता पेपर खाली आला. "राहता कुठे?"

"वडगावला. मुलगी कॅनडात असते."

"गाडी तिकडे पाठवताय?"

मी पाकीट काढलं. त्यांनी पाच लिटरचा कॅन काउंटरवर ठेवला. म्हणाले, "ह्यात निम्मं पाणी घालायचं." तिसऱ्यांदा! मुलगी सांगते, मेकॅनिक सांगतो, दुकानदार सांगतो. माझा संशय पक्का झाला. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण दारातून परत पाठवतो, आणि चांगल्या चोख मालात स्वतःच्या हाताने पाणी घालायचं? तनया तिथे काटकसरीत राहते म्हणून घालत असेल बिचारी. बापाला काय कमी आहे? दत्तोबा जिन्यात भेटले, त्यांना कॅन दाखवला, तर तेही म्हणाले, "निम्मं औषीध, निम्मं पानी, सायेब." मी म्हटलं, "तुमच्या ट्रॅक्टरला घाला."

साईनाथ गावाला गेला तो परतायचं नाव घेईना. अठरा तारीख उजाडली. मी धोतराचा काचा मारावा तसा लेंगा वर खोचून, चष्मा लावून, कॅनवरची सूचना वाचली आणि नरसाळं लावून ओतायला सुरुवात केली. छान हिरवागार रंग. लिटरभर गेलं, दीड लिटर गेलं, रेडिएटर काही भरेना. मला वाटलं, तहान लागलीय. मग चपलेला गार लागलं. खालची चावी साईनाथने उरलंसुरलं निथळायला उघडी ठेवली होती, आणि ते मला सांगायला तो विसरला होता. किंवा हात लावू नका हेच त्याने सांगितलं होतं, आणि तेवढ्यात सगळं आलं होतं.

चावी बंद केली, उरलेलं भरलं. पण पार्किंगच्या फरशीवर हिरवं तळं झालं होतं. आणि कॅनवर ठळक लिहिलं होतं: जनावरांना हे गोड लागते, पण विषारी आहे. आमच्या सोसायटीत सात मांजरं आहेत. त्यातली दोन लगेच चौकशीला आली. मी "हट हट" करत खुर्ची आणून तळ्याच्या मध्ये बसलो, हातात छत्री. हेमा वरून माती, भुसा, जुने पंचे घेऊन आली. दत्तोबा खाली बसले आणि माती पसरू लागले. ट्रॅक्टरवरचं माझं बोलणं त्यांनी काढलं नाही, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

तासाभरात बोर्डावर नोटीस. "पार्किंग क्र. ७ येथे हिरव्या रंगाचा द्रव आढळून आला आहे. सदर द्रव कशाचा आहे व तेथे का आहे, याचा लेखी खुलासा संबंधितांनी चोवीस तासांत करावा. सेक्रेटरी." संबंधित खुर्चीवर छत्री घेऊन त्यांच्या डोळ्यांसमोर बसलेला होता, तरी नोटीस! पण कागदाला कागदाने कसं उत्तर द्यायचं हे मला शिकवायला नको. "संदर्भ: आपली आजची विनातारखेची सूचना. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सदर द्रव उणे सदतीस अंशांपर्यंत गोठत नसल्याने तो गोठलेला आढळून येणार नाही. तो पुसण्यात येत आहे. मांजरांची संख्या पूर्ववत सात आहे." श्रीनिवासरावांनी तारीख घालून नोटीस पुन्हा लावली. मी खुलासा पुन्हा दिला. हेमा म्हणाली, "दोघांनी मिळून एव्हाना फरशी धुतली असती."

संध्याकाळी मी दार उघडून गाडीत बसलो. सीट अजून तशीच पुढे होती. मग खालचा दांडा ओढला आणि सीट मागे घेतली. किल्ली फिरवली. दोनदा खोकली, आणि तिसऱ्यांदा सुरू झाली! मी सोसायटीला दोन चकरा मारल्या. हॉर्नही दिला, जरा श्रीनिवासरावांच्या बाल्कनीखाली. तापमानाचा काटा मुकाट्याने खालीच होता. शुद्ध मालाचा परिणाम, मी मनात म्हटलं.

वीस तारखेला नऊलाच निघालो. हेमाने डब्यात साटोऱ्या घेतल्या होत्या. स्वारगेटपर्यंत राजासारखे गेलो. स्टेशनच्या पुलावर गर्दीत अडकलो आणि काटा वर सरकू लागला. बंडगार्डनचा पूल ओलांडेपर्यंत तो लाल पट्टीला टेकला. मी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. आतून असा वाफेचा सुस्कारा आला की शेजारून जाणारा रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, इडल्या झाल्या का?"

वीस मिनिटं थांबलो, निघालो, पुन्हा थांबलो. साडेअकरा झाले. "अहो, कॅब करते मी, पुढे जाते," हेमा म्हणाली. मी म्हणालो, "नाही. आपल्याच गाडीने. ती सहा वर्षं डोळ्यांपुढे आणतेय." माझा आवाज असा लागला की हेमाने काढलेला फोन परत पर्समध्ये ठेवला.

पोहोचलो तेव्हा बारा वाजले होते. तनया बाहेर दोन बॅगांवर बसली होती, मोठं जाड जाकीट मांडीवर घेऊन. आम्हाला पाहिलं आणि पळत आली. आधी आईला मिठी, मग मला, मग बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि लगेच उचलले. "बाबा! हे काय तापलंय!"

"उन्हाने," मी म्हणालो.

शिट्टीवाला पोलीस अंगावर आला म्हणून घाईने बसलो. ती पुढे, हेमा मागे बॅगांमध्ये. येरवड्याच्या सिग्नलपर्यंत काटा पुन्हा लाल. तनयाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाणी किती घातलंस?"

"एक थेंबही नाही. शंभर टक्के शुद्ध."

तिने डोळे मिटून घेतले. "अरे बाबा, नुसतं कूलंट इंजिनची उष्णता नीट ओढतच नाही. पाणी लागतंच त्याला!" आणि हात पुढे करून तिने समोरची एक पट्टी पूर्ण उजवीकडे ढकलली आणि पंखा मोठा केला. ती हीटरची पट्टी होती. सत्त्याण्णव सालापासून तिला कुणी हात लावला नव्हता. पुण्यात हीटर हा मी शोभेचा भाग समजत होतो. आधी आतून धूळ आली, मग झुरळाचा एक पाय, आणि मग गरम हवेचा लोट.

"अगं, बाहेर तीस डिग्री आहे!" मी म्हणालो.

"इंजिनची उष्णता आत ओढून घेतेय. बघ आता काटा."

आम्ही खिडक्या सताड उघड्या टाकून रांगेत उभे. मला घाम फुटला. हेमा साटोऱ्यांच्या डब्याच्या झाकणाने वारा घेत होती. शेजारच्या गाडीतले लोक बघत होते. काटा हळूहळू उतरू लागला, आणि मला एकदम राहवेना.

"तनया, मी खोटं बोलत होतो. मी गाडी दर रविवारी चालू करत नव्हतो. चौदा महिने ती हललीच नव्हती. तू नसताना मला ती चालवावीशी वाटायची नाही."

ती काट्याकडेच बघत होती. मला वाटलं, दुखावली. काटा मधोमध आला होता. मी हीटर बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे ना बाबा, थोडा वेळ," ती म्हणाली. तिने दोन्ही तळवे त्या गरम हवेसमोर धरले होते. "मला तिकडे फार थंडी वाजते रे. खूप. फोनवर मी तुम्हाला बर्फ दाखवायची, छान दिसतो म्हणायची, आणि फोन ठेवून ब्लँकेटमध्ये रडत बसायची. पहिल्या वर्षापासून. तुम्ही काळजी कराल म्हणून सांगितलं नाही."

सहा वर्षं मी तिचा बर्फ बघून "वा वा" म्हणत होतो. हीटरकडे नेलेला हात मी तिच्या डोक्यावर ठेवला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले.

मागे हेमा घामाने चिंब झाली होती. तिने डब्याचं झाकण खाली ठेवलं आणि आपल्या बाजूची काच फिरवून पूर्ण वर केली. मीही माझी वर केली आणि गाडी गिअरमध्ये टाकली.